उस्तादांच्या तोंडचं ‘तू’

कासम पिंजारी यांनी आपल्या सगळ्यात जुन्या शागिर्दाला पहिल्यांदा ‘आपण’ म्हटलं, तो शुक्रवार होता.

इद्रिस मुलाणी दुकानाच्या पायरीशी चपला काढत होता. नाना पेठेतलं ते गाद्यांचं दुकान त्याला स्वतःच्या घरापेक्षा जास्त पाठ होतं. एका बाजूला कापूस पिंजायचं यंत्र, समोर खोळींचे गठ्ठे आणि मागच्या भिंतीला किताबांचं छताला टेकलेलं कपाट. कपाटाच्या काचेवर बारा महिने कापसाचा पातळ थर असायचा. उस्ताद खाली मांडी घालून गादीला टाके घालत होते. इद्रिसला बघताच त्यांनी दाभण गादीत खोचली, गुडघ्यावर हात टेकून उठले, दुकानातली एकुलती एक खुर्ची फडक्यानं झटकली आणि म्हणाले, “या. बसा आपण. चहा सांगू?”

ती खुर्ची गिऱ्हाइकांसाठी होती. इद्रिस वीस वर्षं कापसाच्या पोत्याला टेकून जमिनीवर बसत आला होता.

“उस्ताद, मी आहे. इद्रिस.”

“ओळखलं ना,” उस्ताद म्हणाले. “पेपरात फोटो आलाय आपला.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता, टोमणा असता तर इद्रिसला तो हातात धरता आला असता. एखाद्या सुशिक्षित गिऱ्हाइकाशी बोलावं तसं ते बोलत होते. इद्रिसनं चहा घेतला, खुर्चीच्या कडेवर बसून घेतला, आणि दहा मिनिटांत उठला. लक्ष्मी रस्त्यापर्यंत चालत आल्यावर त्याच्या लक्षात आलं, आज उस्तादांनी त्याला नावानं हाकच मारली नाही.

त्याचं नाव त्या दुकानात ‘इद्र्या’ होतं.

सतराव्या वर्षी तो भोरकडच्या गावातून पुण्यात आला, तेव्हा दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला होता आणि अरबी अक्षरं चाचपडत वाचायचा. पुढं तो रीतसर शिकला, उत्तरेत चार वर्षं राहून मुफ्तीची, म्हणजे फतवा द्यायची, सनद घेऊन आला. पण त्याचं खरं शिक्षण झालं ते या दुकानात. ऊन कलल्यावर असरची नमाज झाली की उस्ताद यंत्र बंद करायचे आणि हाताचं काम घ्यायचे. शागिर्दानं अरबी किताब मोठ्यानं वाचायची, वाक्याचा अर्थ मराठीत सांगायचा. उस्ताद कराडकडचे. ते म्हणायचे, आईच्या भाषेत जे सांगता येत नाही ते तुला समजलेलं नाही, पाठ झालंय. त्यांची नजर किताबाकडे कधी जायची नाही, टाक्यांवर असायची. वाचताना एखादा स्वर चुकला की दाभण जागच्या जागी थांबायची. मग मान वर न करता ते म्हणायचे, “इद्र्या, परत वाच.”

शहरात त्यांच्याइतका फिकहचा, म्हणजे धर्माच्या कायद्याचा, जाणकार दुसरा नव्हता, हे मोठमोठ्या मदरशांतले लोकही मान्य करायचे. पण मशिदीचा पगार, मदरशाचं मानधन, कुणा शेटचा नजराणा, यातलं काहीही त्यांनी कधी घेतलं नाही. दिवसभर कापूस पिंजायचा आणि संध्याकाळी फुकट शिकवायचं. का, असं इद्रिसनं एकदा विचारलं होतं. “मसला सांगताना माझी नजर कुणाच्या हाताकडे जाऊ नये, एवढंच,” ते म्हणाले होते. मसला म्हणजे लोक धर्माबाबत विचारतात तो प्रश्न.

मुसलमानांच्या प्रश्नांवर मंत्र्यांची सल्लागार समिती झाली तेव्हा पहिलं बोलावणं त्यांनाच आलं होतं. मंत्र्यांचे स्वीय सहायक, योगेश नावाचे चटपटीत गृहस्थ, स्वतः दुकानात आले. उस्तादांनी त्यांना चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “साहेबांना माझा नमस्कार सांगा. गाद्या मी भरून देतो. बसायचं काम माझ्याकडे नाही.”

योगेश हसले, पण निरोप पोचला. मग बोलावणं इद्रिसला आलं.

तो आधी उस्तादांकडेच गेला होता. लपवाछपवी त्यानं केली नाही. समितीत बसून किती कामं होतील ते त्यानं मनापासून सांगितलं. मुलींची वसतिगृहं, रखडलेल्या शिष्यवृत्त्या. उस्तादांनी दोन-तीन टाके घातले आणि म्हणाले, “दरबारात जाऊन खरं बोलणारेही होऊन गेलेत, इद्र्या. थोडे, पण होऊन गेलेत. तुला जमेल असं वाटत असेल तर जा. एक लक्षात ठेव. मसला समोर आला की आधी बघ, तो कुणाला पडलाय.”

पहिली दोन वर्षं खरोखरच बरी गेली. एक वसतिगृह झालं. शिष्यवृत्त्या सुटल्या. घरी न्यायला गाडी येऊ लागली. बायको बिल्किस शिवणाचं दुकान चालवायची, ती म्हणायची, “अहो, त्या गाडीवाल्याला जरा पलीकडे थांबायला सांगा. माझी गिऱ्हाइकं आत यायला बिचकतात.” तो हसण्यावारी न्यायचा.

मग कब्रस्तानाचा प्रश्न आला. कात्रजच्या पलीकडे, महापालिकेत नव्यानं आलेल्या एका गावात जुनं कब्रस्तान होतं. रस्ता रुंद करायला त्याची एक पट्टी हवी होती. तिथल्या कबरी इतक्या जुन्या होत्या की कुणाच्या, ते सांगायला कुणी उरलं नव्हतं, असं फाइलीत लिहिलं होतं. योगेशनी फोन केला. “मुफ्तीसाहेब, आपलं मत लागेल. परवापर्यंत.”

इद्रिसनं किताबा काढल्या. मतं दोन्ही बाजूंची होती, नेहमीच असतात. त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं. लोकांची निकडीची गरज असेल, दुसरी जागाच नसेल, आणि देहाची माती होऊन गेलेली असेल, तर अदबीनं अवशेष हलवायला मुभा आहे. खाली सही केली. गावात तो गेला नाही. परवापर्यंतच वेळ होता. चौथ्या दिवशी मंत्र्यांशेजारी त्याचा फोटो छापून आला, आणि पाचवा दिवस शुक्रवार होता.

त्यानंतर तो पंधरा दिवसांनी पुन्हा दुकानात गेला, पुन्हा पंधरा दिवसांनी गेला. प्रत्येक वेळी खुर्ची झटकली जायची. तो हट्टानं खाली बसला तर उस्ताद म्हणायचे, “कपडे खराब होतील आपले.” तो फतव्याचा विषय काढायचा. उस्ताद म्हणायचे, “वाचला मी. किताबांचे दाखले बरोबर आहेत.” एवढंच.

ते वाद घालत नव्हते हे त्याला सोसत नव्हतं. समितीच्या बैठकीत, गाडीत, जेवताना मध्येच त्याला ती हाक आठवायची, तुटक, किंचित वैतागलेली. लोक त्याला आता मुफ्तीसाहेब म्हणत, हजरत म्हणत, मंत्री खांद्यावर हात ठेवत. त्याला चूक म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. चाळीस वर्षांचा माणूस एका हाकेसाठी झुरतो, हे सांगायचं तरी कुणाला?

एका संध्याकाळी त्यानं एक युक्ती केली. कपाटातून जुनी, पाठ असलेली किताब काढली आणि म्हणाला, “उस्ताद, थोडं वाचू का? उजळणी होईल.”

“वाचा ना.”

तो वाचू लागला. दुसऱ्या पानावर त्यानं मुद्दाम चूक केली. नवशिकाही करणार नाही अशी ढोबळ चूक. शेवटचा स्वर बदलून कर्त्याचं कर्म करून टाकलं. आणि कान देऊन थांबला.

दाभण थांबली नाही. खोळीतून वर आली, दोरा ओढला गेला, पुन्हा खाली गेली.

“उस्ताद, हे बरोबर वाचलं का मी?”

“असंही वाचत असतील काही लोक,” उस्ताद अगदी अदबीनं म्हणाले.

त्या दिवशी घरी आल्यावर तो बराच वेळ गॅलरीत बसून राहिला.  बिल्किसनं शिवणयंत्र लवकर बंद केलं आणि शेजारी येऊन बसली.

सर्जेराव आले ते उन्हाळ्याच्या तोंडाला. सत्तरीचे, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. बिल्किसच्या दुकानात चौकशी करत ते वर घरी आले. कब्रस्तानाला लागून त्यांचं शेत होतं. आता अर्ध्यावर इमारती उभ्या होत्या.

“मुफ्तीसाहेब तुम्हीच का?” त्यांनी इद्रिसला नीट निरखलं. “बोर्डावर हाय त्यो फोटू जरा तरणा दिसतोय.”

“कुठला बोर्ड?”

“कब्रस्तानाच्या गेटावरला. तुमच्या सहीचा.” सर्जेरावांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. “तुमच्या धरमातलं मला काय कळत न्हाय. मी त्यात बोलनार बी न्हाय. पन तिथं उस्मानचाचा हायेत. त्यांनी माझ्या बापाला विहिरीत पवायला शिकवलं, मला बी शिकवलं. गुरं आत जाऊ नयेत म्हून त्या बाजूचं कुंपन आमीच घालत आलोय. फाइलीत लिवलंय, कुनाच्या कबरी ते कुनाला ठावं न्हाय. मला ठावं हाय की. इचारलं कुनी?”

इद्रिसनं तांब्या पुन्हा भरून समोर ठेवला.

“आन् रस्ता तर झालाच न्हाय,” सर्जेराव म्हणाले. “भिंत घातलीया. शेजारी लग्नाचं कार्यालय होतंय, त्याच्या गाड्या लावायला. मी म्हनलं, सही करनाऱ्याला ठावं असंल का नसंल, जाऊन सांगावं. ठावं असंल तर चा पिऊन जातो.”

“ठाऊक नव्हतं,” इद्रिस म्हणाला. आपला आवाज त्यालाच बारीक वाटला.

दोघं बसनं गेले. समितीची गाडी त्यानं बोलावली नाही. कब्रस्तानाच्या गेटावर खरोखरच भलामोठा फ्लेक्स होता. एका बाजूला मंत्री, दुसऱ्या बाजूला तो, आणि मध्ये त्याच्या फतव्यातलं एकच वाक्य, ‘अवशेष हलवायला मुभा आहे.’ आधीच्या तिन्ही अटी गेल्या होत्या. आत कडुनिंबापासून पुढची पट्टी सपाट केलेली, त्यावर बारीक खडी पसरलेली. सर्जेराव खडीवरून चालत गेले नाहीत. कडेकडेनं वळसा घालून गेले आणि एका जागेकडे बोट केलं. “हितं.”

इद्रिसला तिथं फातिहा वाचायची होती. त्यानं हात उचलले आणि पुन्हा खाली घेतले. ज्याच्या सहीनं हे झालं त्यानंच वर प्रार्थना करावी, याची त्याला लाज वाटली. सर्जेराव टोपी काढून बाजूला उभे होते. शेवटी त्यानं हळू आवाजात वाचलं.

दुसऱ्या दिवशी तो योगेशना भेटला. योगेशनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मुफ्तीसाहेब, तुमच्या अटी फार बारीक अक्षरातल्या होत्या. बोर्डावर मावल्या नाहीत.”

“त्या अटींशिवाय त्या मताला अर्थच नाही.”

“अर्थ आम्ही बघतो ना. आपण फक्त मत द्यायचं.” मग थोडं पुढं झुकून ते म्हणाले, “पुढच्या महिन्यात समितीचं अध्यक्षपद रिकामं होतंय. साहेबांच्या मनात आपलंच नाव आहे. उगाच घाई करू नका.”

इद्रिस घरी आला आणि लिहायला बसला. संपूर्ण दिवस गेला. पहिला कागद संतापाचा झाला, तो त्यानं फाडला. दुसऱ्यात मंत्र्यांचे वाभाडे काढले होते, तोही फाडला. तिसरा छोटा होता. या जागी माझ्या मताच्या अटी पूर्ण होत नाहीत, म्हणून ते मत इथं लागू नाही. जागा न बघता आणि तिथल्या माणसांना न विचारता मी ते दिलं, ही माझी चूक आहे. जमीन होती तशी करून द्यावी. खाली सही, आणि सोबत समितीचा राजीनामा.

बिल्किसनं दोन्ही कागद वाचले. “हे आता उस्तादांना दाखवायला निघाला असाल.”

“तुला कसं कळलं?”

“चेहऱ्यावर दहावीचा निकाल लागलाय.”

तो खरोखरच निघाला होता. कागदाच्या प्रती वर्तमानपत्रांना दिल्या, एक सर्जेरावांनी गेटावर चिकटवली, आणि एक खिशात घालून तो नाना पेठेत पोचला तेव्हा असरची नमाज नुकतीच झाली होती. उस्तादांनी खुर्ची झटकली. तो खालीच बसला. त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडात धरला, शेवटपर्यंत वाचला आणि घडी घालून परत दिला.

“चांगलं केलंत आपण.”

इद्रिस वाट बघत राहिला. आणखी काही येईना, तेव्हा त्याला राहवलं नाही. “उस्ताद, मी सगळं सोडलंय. समिती, गाडी, सगळं. आता तरी...”

“कुणासाठी सोडलंत?”

तो गडबडला. खोटं बोलायची त्या दुकानात सवय नव्हती. “आपल्यासाठी,” तो म्हणाला. “थोडं त्या उस्मानचाचांसाठी. पण जास्त आपल्यासाठी.”

“मग तो कागद परत घ्या,” उस्ताद म्हणाले. “आधी मंत्र्याच्या मर्जीनं लिहिलंत. आता पिंजाऱ्याच्या मर्जीनं खोडताय. मालक बदलला, बाकी काय बदललं?”

रस्त्यावरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. इद्रिसनं घडी उलगडून कागद पुन्हा वाचला. मग म्हणाला, “कागद खरा आहे, उस्ताद. आपण नाराज असतात तरी खराच असता. पण आपण खूश व्हावं असं वाटतं, ते काही जात नाही.”

उस्ताद पहिल्यांदाच हसले. “ते माझंही गेलं नव्हतं. माझे उस्ताद जाऊन तीस वर्षं झाली, अजून पुरतं गेलेलं नाही.” ते जरा खोकले. कापसानं त्यांची छाती अलीकडे भरून यायची. “मी रागानं आपण म्हणतोय असं वाटलं का तुम्हाला?”

“दुसरं काय वाटणार?”

“मी तुमचा फतवा वाचला तेव्हा मनात आलं, या माणसाच्या एका सहीनं जमिनीखालची माणसं हलणार. आणि मी त्याला इद्र्या म्हणतोय. पोरासारखा वागवतोय, म्हणून त्यालाही वाटत राहिलंय की चुकलं तर कुणीतरी थांबवेल. मला धास्ती वाटली. चूक माझीही होती. तुम्ही केवढे झालात हे तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगता आलं नाही, म्हणून आपण म्हणायला लागलो.”

“मी त्या दिवशी मुद्दाम चुकीचं वाचलं होतं.”

“कळलं की मला. कान फुटलेत का माझे?” उस्तादांनी दाभणीत दोरा ओवायचा प्रयत्न केला, नाही जमला, इद्रिसनं हात पुढं केला आणि ओवून दिला. “फार जड गेलं मला गप्प बसणं. पण आता तुम्हाला थांबवायला मी पुरणार नाही. तुमचं तुम्हालाच थांबावं लागेल.”

“इथं येऊन बसलं तर चालेल ना?”

“बसा की,” उस्ताद म्हणाले. “दुकान उघडं असेल तोवर बसा.”

दुकान पुढं जेमतेम वर्षभर उघडं राहिलं. छातीच्या दुखण्यानं डॉक्टरांनी कापूस बंद करायला सांगितला आणि उस्तादांची मुलगी त्यांना कराडला घेऊन गेली. किताबा शागिर्दांत वाटल्या गेल्या. जाताना त्यांनी इद्रिसचे दोन्ही हात हातात घेतले, कपाळ चुंबलं, आणि “सांभाळून राहा” म्हणाले. त्या ‘राहा’त तू होतं का तुम्ही, हे इद्रिसनं नंतर किती वेळा मनाशी घोळवलं. ठरवता आलं नाही.

कब्रस्तानाचा दावा कोर्टात चालू आहे. फ्लेक्स निघाला, भिंत अजून आहे. गाड्या मात्र सर्जेराव आणि गावातली पाच-दहा माणसं लावू देत नाहीत. खडीवर रोज संध्याकाळी सतरंजी टाकून गप्पा मारत बसतात. इद्रिस मशिदीत दर जुम्म्याला, शुक्रवारी, प्रवचन द्यायचा, ती जागा गेली. विश्वस्त चांगले होते, ते फक्त म्हणाले, काही दिवस दुसऱ्याला संधी देऊ. आता तो सकाळी बिल्किसच्या दुकानात काज-बटणं करतो. लोक तिथंच मसले विचारायला येतात, आणि तो लगेच उत्तर देत नाही, अशी त्याच्याबद्दल कुरकुर आहे. “मुफ्ती आहे का तलाठी, आधी जागा बघायला जातो,” असं एकजण बिल्किसच्या तोंडावर म्हणाला.

गेल्या महिन्यात लोणी काळभोरहून दोन भाऊ आले. वडिलांनी एक विहीर मशिदीच्या नावानं सोडली होती, आणि आता त्या जागेला फार मोठं गिऱ्हाईक आलं होतं. गिऱ्हाइकाच्या वतीनं बोलायला कुण्या आमदाराचा माणूसही सोबत होता. इद्रिस दुपारच्या बसनं गेला. विहीर पाहिली, पाणी चाखलं, आसपासच्या बायकांना विचारलं कोण कोण भरतं. परत ओसरीवर येऊन त्यानं सांगितलं, मशिदीच्या नावानं सोडलेली आहे, लोक अजून पाणी भरतात, ही विकता येणार नाही. थोरला भाऊ उठून आत निघून गेला. आमदाराचा माणूस म्हणाला, दुसरे मुफ्ती आहेत शहरात. “आहेत,” इद्रिस म्हणाला. “त्यांनाही विहीर दाखवा.” चहा आला नाही.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून तो आपलंच उत्तर पुन्हा पुन्हा तपासत राहिला. एक शंका निघाली, तिचं त्यानं निरसन केलं. दुसरी निघाली, तिच्यापाशी बराच अडला, हडपसर मागं पडेपर्यंत. मग तीही सुटली. उत्तर बरोबर होतं. कुणाला विचारायची गरज नव्हती, आणि ती गरज नव्हती यामुळंच त्याला इतकं एकटं वाटलं की स्वारगेटला उतरल्यावर घराकडची बस समोर उभी असूनही त्याचा पाय उचलेना.

त्यानं बिल्किसला फोन लावला. “मी कराडला जाऊन येतो.”

“काही विचारायचं राहिलं का?”

“नाही. विचारायचं काही नाही.”

“मग जा,” ती म्हणाली. “थंडी असेल, उस्तादांची शाल कराडला जाताना आपल्याकडेच राहिलीय, न्यायला हवी होती. असू दे. पुढच्या वेळी.”

कोल्हापूरची गाडी लागली होती, कराडला थांबणारी. मागच्या बाकावर जागा होती. कंडक्टरनं विचारलं, “एकटेच का?” इद्रिसनं मान हलवली आणि खिडकीची काच सरकवली.